इंग्रजीचें 'इफ' आणि मराठीचें 'तर'

इंग्रजी व्याकरणांतील ज्या प्रकरणापाशीं मराठी विद्यार्थी हमखास अडखळतो, तें प्रकरण उपपदांचें नव्हे, शब्दयोगी अव्ययांचेंहि नव्हे. तें संकेतार्थी वाक्यांचें होय. उपपद चुकलें तर वाक्य कानाला खटकतें, पण अर्थ बहुधा शाबूत राहतो. संकेतार्थांत क्रियापद चुकलें म्हणजे मात्र न झालेली गोष्ट होण्याजोगी ठरते, गेलेली संधि अजून हातांत असल्यासारखी दिसते, आणि एखादे वेळीं मेलेला मनुष्य जिवंत होतो. या शेवटल्या प्रकाराचा एक दाखला आमच्या पाहण्यांतला आहे, तो पुढें देऊं. गेल्या दोनतीन महिन्यांत नांदेड व लातूर येथील कांहीं वाचकांनीं या विषयावर लिहावें असें सुचविलें. बहुतेकांच्या घरांत दहावी-बारावीचीं मुलें आहेत; त्यांच्या वह्यांतील सूत्रें घरच्या वडील मंडळींस उमगत नाहींत, आणि मुलांसहि तीं पाठ असलीं तरी कळलेलीं नाहींत, अशी एकंदर तक्रार आहे.

तीं सूत्रें आम्हीं पाहिलीं आहेत. शून्य, पहिला, दुसरा आणि तिसरा असे चार 'कंडिशनल' फळ्यावर मांडलेले असतात. पहिल्यांत 'इफ'पुढें वर्तमानकाळ व मग 'विल'. दुसऱ्यांत भूतकाळ व 'वुड'. तिसऱ्यांत 'हॅड' लावून धातूचें तिसरें रूप व मग 'वुड हॅव'. मुलगा हीं सूत्रें बीजगणितासारखीं घोकतो, गाळलेल्या जागा भरतो आणि गुण मिळवितो. लातुरास अभ्यासाची जी पद्धति 'लातूर पॅटर्न' या नांवानें गाजली, तिच्याविषयीं आमच्या मनांत अनादर नाहीं. परीक्षा ही सरावानें जिंकण्याची वस्तु आहे हें तिनें दाखवून दिलें. परंतु तोच मुलगा पत्र लिहावयास बसला किंवा मुलाखतीस गेला कीं फळा त्याच्यासमोर नसतो. तेथें त्याच्या मनांत आधीं मराठी वाक्य उमटतें, आणि तें मराठी वाक्यच त्याला आडवाटेनें नेतें. ही वाट नेमकी कोठें फुटते, हें त्याला कोणी सांगितलेलें नसतें. महाराष्ट्रांतील मराठी शाळांतून इ. स. २००० पासून पहिल्या इयत्तेपासूनच इंग्रजी शिकवितात. म्हणजे दहा वर्षें शिकूनहि हा अडथळा राहतो. तेव्हां उणीव वर्षांची नाहीं. स्वभाषेशीं ताडून पाहण्याची आहे, असें आमचें मत आहे.

वास्तविक ज्या घरांत एखादी आजी आहे, त्या घरांत हें प्रकरण शिकविण्याचें सारें सामान आधींच भरलेलें आहे. 'आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार' असें ती म्हणते, तेव्हां आडांत पाणी नाहीं ही गोष्ट तिनें खरी धरलेली असते. 'असतील शितें तर जमतील भुतें' या म्हणींत शितें असतील किंवा नसतीलहि; बोलणारीनें दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या आहेत. आणि 'आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलें असतें' असें म्हणतांना मिशा नाहींत, येणारहि नाहींत, हें सर्वांस ठाऊक असतें. म्हणून तर हसूं येतें. बोलणारा वस्तुस्थितीपासून किती दूर उभा आहे, एवढाच या प्रकरणाचा गाभा. तें अंतर मराठी मुलाला पांचव्या वर्षींच कळतें. इंग्रजी तें अंतर कोणत्या खुणेनें दाखविते, इतकेंच त्याला शिकावयाचें आहे.

आतां वाटा कोठें फुटतात तें पाहूं. 'असतील' आणि 'जमतील' हीं दोन्ही रूपें भविष्यकाळाचीं आहेत. इंग्रजींत भविष्याचें 'विल' फक्त उत्तरार्धांत येतें. 'इफ'च्या मागोमाग साधा वर्तमानकाळ लागतो. म्हणून 'इफ इट विल रेन' हें वाक्य मराठी मनाला अगदीं सरळ वाटतें आणि इंग्रजी कानाला वांकडें. याहून अवघड गोष्ट अशी कीं, आपण बोलतांना भविष्यकाळहि फारसा वापरीत नाहीं. जूनमध्यें लातूरकडील सोयाबीनचा शेतकरी 'पाऊस पडेल तर' असें क्वचित् म्हणतो. तो म्हणतो, 'पाऊस पडला तर पेरणी करूं.' पाऊस अजून आकाशांत, आणि क्रियापद भूतकाळाचें! मराठींत या भूतकाळाला काळाचा अर्थच उरलेला नाहीं. क्रिया आधीं पुरी होऊं द्या, मग पुढचें बोलूं, एवढाच त्याचा भाव. मुलगा मात्र तें वाक्य हातांत घेऊन 'इफ इट रेन्ड, वुई विल सो' असें लिहितो. इंग्रजींत 'इफ'नंतरचा भूतकाळ हीच तर अवास्तवाची खूण! त्या वाक्याचा पूर्वार्ध वाचणाऱ्याला वाटतें, या गृहस्थाला पावसाची आशा उरलेली दिसत नाहीं. आणि उत्तरार्धांत तोच गृहस्थ पाभर घेऊन निघालेला असतो. 'इफ इट रेन्स, वुई विल सो' हें बरोबर रूप. 'पडला तर' दिसलें कीं वर्तमानकाळ, 'पडला असता तर' दिसलें कीं भूतकाळ, ही एक खूणगांठ मारून दिली तर निम्म्या चुका जातील.

याच पेरणीच्या गोष्टींतून दुसरा एक खड्डा दाखवितां येईल. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीनची पेरणी करूं नये, असा सल्ला कृषि खात्याकडून पावसाळ्याच्या तोंडीं दिला जातो. हें 'झाल्याशिवाय' म्हणजेच इंग्रजी 'अनलेस'. पण हीच गोष्ट आपण 'जोंवर पाऊस होत नाहीं तोंवर पेरूं नका' अशीहि सांगतों, आणि तींतील 'नाहीं' मुलाच्या लेखणींतून इंग्रजींत उतरतें: 'अनलेस इट डज नॉट रेन, डू नॉट सो.' याचा अर्थ पाऊस झाला तर पेरूं नका, असा होतो! 'अनलेस' या शब्दाच्या पोटांतच नकार आहे. त्याला वरून दुसरा नकार जोडूं नये. 'अनटिल'चीहि तीच कथा. दुबार पेरणीचा खर्च ज्यानें सोसला आहे त्याला या एका 'नॉट'ची किंमत समजावून सांगावी लागणार नाहीं.

कारणाच्या मागोमाग कार्य ठरलेलेंच असतें, अशा ठिकाणीं आपण 'तर'ऐवजीं 'कीं' घालतों. विष्णुपुरीचे दरवाजे उघडले कीं नांदेडास गोदाकांठच्या वस्त्यांना सावध करतात. इंग्रजींत येथें 'इफ' चालेल, 'व्हेन' चालेल. दोन्ही बाजूंस साधा वर्तमानकाळ. शून्य क्रमांकाचा कंडिशनल तो हाच. यांत मुलें सहसा चुकत नाहींत, म्हणून येथें थांबत नाहीं.

खरी गंमत 'असता'ची आहे. 'पाऊस पडला असता तर पीक आलें असतें.' या वाक्याच्या दोन्ही अर्धांत एकच साचा आहे. पूर्वार्धाला जें रूप तेंच उत्तरार्धाला. संस्कृतांतहि तसेंच. कांहीं कारणानें क्रिया घडावयाची राहून जाणें, यास पाणिनीनें क्रियातिपत्ति म्हटलें आणि तिच्यासाठीं लृङ् हा स्वतंत्र लकार सांगितला. वैयाकरणांनीं पिढ्यान् पिढ्या दिलेला त्याचा दाखलाहि पावसाचाच आहे: सुवृष्टि झाली असती तर सुभिक्ष झालें असतें, अशा अर्थाचा. त्यांतहि दोन्ही बाजूंस 'अभविष्यत्' हें एकच रूप येतें. वैयाकरणांना राजे, यज्ञ, हत्ती अशा कितीतरी गोष्टी सुचूं शकल्या असत्या. पण न घडलेल्या क्रियेचा विचार मनांत येतांच त्यांना न पडलेला पाऊस आठवला, याचें मराठवाड्यांतील वाचकांस आश्चर्य वाटूं नये.

नांदेड व लातूर हीं १९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होतीं. तेथें सरकारी शिक्षणावर उर्दूचा पगडा होता. १९१८ सालीं स्थापन झालेलें उस्मानिया विद्यापीठ तर उर्दू माध्यमाचेंच होतें. त्यामुळें मागल्या पिढ्यांतील कित्येकांना इंग्रजी 'इफ' हें उर्दू 'अगर'च्या मध्यस्थीनें शिकावें लागलें. 'अगर बारिश होती तो फसल अच्छी होती.' येथेंहि दोन्हीकडे 'होती'! म्हणजे मराठी मुलाची अडचण उर्दूनें मिटविली नाहीं. उलट तिला आणखी एक साक्षीदार मिळाला. मराठी, संस्कृत व उर्दू या तिन्ही भाषा एका बाजूला आणि इंग्रजी एकटी दुसऱ्या बाजूला. तिच्यांत 'वुड' हें फक्त 'तर'च्या घरीं राहतें. 'जर'च्या घरीं त्याला प्रवेश नाहीं. 'इफ इट वुड हॅव रेन्ड, द क्रॉप वुड हॅव बीन गुड' हें आपल्या मुलांचें लाडकें वाक्य अज्ञानांतून आलेलें नाहीं. तें मराठीच्या समतोल साच्यांतून आलेलें आहे. 'इफ इट हॅड रेन्ड' एवढेंच तेथें पुरे. पालकांनीं हें लक्षांत घेऊन रागावणें थोडें कमी करावें. फ्रान्समध्यें मुलें आपल्या मातृभाषेंतच हीच चूक करतात आणि तेथील पंतोजींस ती वर्षानुवर्षें खोडावी लागते. अमेरिकेंत तर मोठीं माणसेंहि बोलण्याच्या ओघांत असें 'वुड' घालतात. छापील लेखनांत मात्र तें अशुद्धच गणलें जातें.

मराठीचा आणखी एक स्वभाव आहे, तो बहुतेक व्याकरणपुस्तकें सांगत नाहींत. 'माझ्यापाशीं पैसे असते तर दिले असते.' हें वाक्य आजचें कीं कालचें? दोन्ही! समोर याचक उभा असतांना आपण तें म्हणतों, आणि गेल्या वर्षींची गोष्ट सांगतांनाहि तेंच म्हणतों. पूर्वीं 'तो येता तर मी जातों' अशीं आटोपशीर रूपें प्रचारांत होतीं. तीं मागें पडलीं आणि 'असता'नें सगळा कारभार हातीं घेतला. लृङ् लकारहि पाणिनीनें भविष्य व भूत अशा दोन्हींसाठीं सांगितला आहे. इंग्रजी मात्र येथें काटेकोर आहे. आजची गोष्ट असेल तर 'इफ आय हॅड मनी, आय वुड गिव्ह इट'. कालची असेल तर 'इफ आय हॅड हॅड मनी, आय वुड हॅव गिव्हन इट'. दोन 'हॅड' शेजारीं पाहून मुलें हसतात. हसूं द्यावें, त्यानें तें लक्षांत राहतें. दुसरा आणि तिसरा कंडिशनल यांतील भेद तो एवढाच. इंग्रजी वाक्य लिहिण्यापूर्वीं मुलानें स्वतःला 'आज कीं काल?' असें विचारावें. मराठीला हा प्रश्न कधीं पडत नाहीं, म्हणून तो मुद्दाम विचारावा लागतो.

आतां तो कबूल केलेला दाखला. कांहीं वर्षांपूर्वीं नांदेड जिल्ह्यांतील एका खेड्यांतला मुलगा पुढील शिक्षणासाठीं बाहेरगांवीं जाणार होता. वडील वारलेले, आई दुसऱ्याच्या शेतांत रोजानें जाणारी. शुल्कमाफीसाठीं त्यानें एका कचेरीकडे स्वतःच इंग्रजींत अर्ज केला. त्याच्या मनांतलें वाक्य होतें, 'वडील असते तर त्यांनीं फी भरली असती.' कागदावर उतरलें तें असें: 'इफ माय फादर इज देअर, ही विल पे द फीज.' कचेरीनें तें वाक्य जसें लिहिलें होतें तसेंच वाचलें. वडील घरीं असले म्हणजे फी भरतील, सध्यां कोठें तरी गेलेले असावेत, असा त्याचा सरळ अर्थ. आणि उत्तर आलें कीं वडिलांची सही व त्यांच्या उत्पन्नाचा दाखला जोडून अर्ज पुन्हा पाठवावा. मुदतीला चार दिवस उरले होते. तें उत्तर घेऊन मुलगा आमच्याकडे आला, तेव्हां कचेरीच्या निष्ठुरपणावर तो संतापलेला होता. आम्हीं त्याला त्याचाच अर्ज मोठ्यानें वाचावयास सांगितलें आणि मराठींत विचारलें, 'बाळ, तुझे वडील असतील तर, कीं असते तर?' तो गप्प झाला. मग त्यानें स्वतःच्या हातानें 'इज'चें 'वेअर' केलें आणि 'विल'चें 'वुड' केलें. 'इफ माय फादर वेअर अलाइव्ह, ही वुड पे द फीज.' आमच्या सांगण्यावरून वडील अमुक सालीं वारले हें साधें वाक्य त्यानें त्याच्याहि आधीं घातलें, कारण असल्या अर्जांत मुख्य गोष्ट संकेतार्थावर सोंपवूं नये. मृत्यूचा दाखला जोडला, अर्ज वेळेंत पोंचला आणि माफी मिळाली. कचेरीची चूक होती कीं नव्हती, याचा निवाडा वाचकांनीं करावा. आमच्या मतें तिनें थोडी अधिक चौकशी करावयास हरकत नव्हती.

येथें 'वेअर' कां, 'वॉज' कां नाहीं, असें कोणी विचारील. हें 'वेअर' भूतकाळाचें अनेकवचन नव्हे. इंग्रजीच्या जुन्या अवास्तवार्थाचें तें उरलेंसुरलें रूप आहे. बोलण्यांत आतां 'वॉज'हि चालतें, पण अर्जांत व परीक्षेंत 'वेअर' लिहावें.

तिसऱ्या प्रकारच्या वाक्यांचें एक वैशिष्ट्य असें कीं त्यांचा उत्तरार्ध सर्वांचा एक असतो आणि भांडण होतें तें पूर्वार्धावर. २०१६ सालच्या उन्हाळ्यांत लातूर शहराला पाणी पुरविणारें मांजरा धरण कोरडें पडलें, आणि मिरजेहून आगगाडीनें पाणी आणण्याची वेळ आली. १२ एप्रिलला पहिली गाडी लातुरास पोंचली. दहा वाघिणी आणि सुमारें पांच लाख लिटर पाणी. 'तर ही गाडी आणावी लागली नसती' याविषयीं कोणाचें दुमत नव्हतें. पण 'जर'च्या जागीं कोणी म्हणे, पाऊस पडला असता. कोणी म्हणे, उसाला एवढें पाणी दिलें नसतें. कोणी म्हणे, शहरानें आपल्या विहिरी सांभाळल्या असत्या. एकाच उत्तरार्धाला जोडलेले हे तीन पूर्वार्ध इंग्रजींत लिहून पाहिले तर मुलाचा 'हॅड' आणि 'हॅड नॉट' यांचा सराव तर होईलच, शिवाय आपल्या घरांत कोणाचा पूर्वार्ध कोणता हेंहि कळून येईल.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी व भोंवतालच्या गांवांत भूकंपानें हजारों माणसें झोपेंतच गाडलीं गेलीं. आदल्याच दिवशीं अनंतचतुर्दशीचें विसर्जन झालें होतें. त्यानंतर त्या भागांत दोन प्रकारचे 'जर' ऐकूं येत. एक स्थापत्यशास्त्रज्ञांचा: माळवदाचा भार हलका असता, जाड भिंतींत आरपार बांधदगड असते आणि दगड मातीवर रचलेले नसते, तर इतकीं घरें कोसळलीं नसतीं. दुसरा घरच्यांचा: त्या रात्रीं त्याला थांबवून घेतलें नसतें तर. व्याकरणानें दोहोंचें रूप एकच, 'हॅड' आणि 'वुड हॅव'. पहिल्या वाक्याला पुढें उत्तर देतां आलें. पुनर्वसनांत भूकंपाला टिकतील अशीं घरें बांधलीं गेलीं. दुसऱ्या वाक्याचा उत्तरार्ध पुष्कळदां कोणी उच्चारीतहि नसे. इंग्रजींतहि असें अर्धें वाक्य चालतें. 'इफ ओन्ली' म्हणून तें तेथेंच सोडून देतात.

एक बारकी गोष्ट राहिली. बोलतांना आपण 'जर' खुशाल गाळतों, 'तर' कधीं गाळीत नाहीं. मराठी संकेतार्थाचा सगळा भार 'तर'वर आहे. इंग्रजींत नेमकें उलट. तेथें भार 'इफ'वर आणि 'देन' बहुधा गाळलेलें. आपलीं मुलें 'तर'च्या ओढीनें प्रत्येक वाक्यांत 'देन' घालतात. ती चूक नव्हे, पण वाक्य जड होतें. उत्तरार्ध आधीं घेतला तर 'देन' मुळींच नको, मधला स्वल्पविरामहि नको. कधीं कधीं इंग्रजी 'इफ'सुद्धां गाळते, पण मग क्रियापद उचलून वाक्याच्या डोक्यावर बसविते: 'हॅड इट रेन्ड', म्हणजे 'पाऊस पडला असता तर'. कायद्याच्या व व्यापाराच्या पत्रांतून हा थाट पुष्कळ दिसतो. तो ओळखतां आला म्हणजे पुरे, मुलांनीं त्याच्या नादीं लागूं नये.

रात्रीं जेवणें झाल्यावर घरांतील मुलांकडून पुढील वाक्यांचें भाषांतर करून घ्यावें. मराठी वाक्य आजोबांनीं किंवा आजीनें म्हणावें. 'गोदावरीला पूर आला तर शाळा बंद राहील.' 'तिकीट काढल्याशिवाय गाडींत बसूं नकोस.' 'मला पोहतां येत असतें तर मीं तुला हांक मारली नसती.' हें तिसरें वाक्य थोडें फसवें आहे, कारण पोहतां न येणें आजचेंहि आहे आणि हांक मारणें कालचें. त्याच्या उलट 'मृगांत पाऊस पडला असता तर आज विहिरींना पाणी असतें': येथें पूर्वार्ध कालचा आणि उत्तरार्ध आजचा, म्हणून 'हॅड रेन्ड'च्या जोडीला नुसतें 'वुड'. शेवटीं आत्याबाईंच्या मिशांची म्हण द्यावी. मात्र आत्याबाई घरांत असतील तर त्यांची परवानगी आधीं घ्यावी. उत्तरें पुढील अंकीं देऊं.